अर्धी पाठ

रॉयस टिलब्रुकची पाठ मी उन्हात भाजली, आणि मुद्दाम भाजली. चौकशीसाठी ब्रिस्बेनहून आलेल्या बाईंनाही मी हेच सांगितलं होतं, तेव्हा आता शब्द फिरवायचं कारण नाही. त्यांनी विचारलं, "पश्चात्ताप वाटतो का?" मी म्हटलं, "तुमच्या कागदावर त्यासाठी रकाना आहे का?" नव्हता. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

माझं नाव ग्लेनिस हार्टिगन. आमच्या गावात, बोवेनमध्ये, सगळे ग्लेन म्हणतात. एकोणीस वर्षं मी रॉयसच्या फॅक्टरीत सनस्क्रीन बनवलं. टाकीपाशी मर्व्ह असायचा, विकायला रॉयस असायचा, पण कशात काय घालायचं, किती आणि कोणत्या क्रमाने, हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं.

या कामाकडे मी वळले ते बाबांमुळे. चाळीस वर्षं ते उघड्या होडीतून मॅकरेल धरायला गेले, डोक्यावर साधी टोपी नाही. आधी त्यांच्या कानाची पाळी कापली. मग कान. मग मानेत गाठ निघाली. चष्मा अडकवायला कान उरला नाही तेव्हा ते तो गळाच्या दोऱ्याने डोक्याला बांधायचे आणि म्हणायचे, "एक कान गेला ते बरं झालं, तुझी आई त्याच बाजूला झोपायची." बाबा गेले त्या वर्षी मी पहिली चांगली बॅच काढली. शंभर भागांत बावीस भाग झिंक ऑक्साइड. बाकी काही लपवाछपवी नाही. झिंकचे बारीक कण कातडीवर बसतात आणि ऊन स्वतःच्या अंगावर घेतात. एवढंच त्यांचं काम. पण ते काम नीट व्हायला कण एकसारखे पसरावे लागतात. कोरडी पावडर तशीच क्रीममध्ये ओतली तर तिच्या गुठळ्या होतात, आणि दोन गुठळ्यांच्या मधली जागा उघडी राहते. कुंपणाच्या मधल्या फळ्या काढून नेल्यासारखं होतं. दिसायला कुंपण उभं, आणि आत कुत्री मोकळी. म्हणून पावडरीच्या कणांवर आधी लेप चढवलेला असावा लागतो, मग ती तेलात कालवून रोलरमधून दळावी लागते, पुन्हा पुन्हा, काचेवर ओढली तर एक दाणा दिसू नये इतकी. तशी दळलेली पेस्ट आम्ही मेलबर्नहून डब्यांतून मागवायचो.

रॉयसबद्दल काय सांगू? वाईट माणूस वाटायचा नाही, हेच त्याचं भांडवल. बावन्न वर्षांचा, तांबूस केसांचा, अंगभर तीळ, शिडाच्या होडीच्या शर्यती जिंकलेला. गावात कुणाचंही लग्न असो, बारसं असो, हा पहिला हजर. आमच्या ट्यूबवर त्याचाच हसरा चेहरा होता आणि खाली लिहिलं होतं, 'मी स्वतः लावतो'.

हे सगळं घडलं त्या वर्षी सप्टेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सात आठवडे मी टाउन्सव्हिलला होते. त्याच काळात बंदरात काहीतरी अडकलं आणि मेलबर्नची पेस्ट आली नाही. उन्हाळा तोंडावर. दुकानदार फोनवर फोन करत होते. रॉयसने कुठून तरी साधी कोरडी झिंक पावडर मिळवली, तीही बाविसाऐवजी तेरा भाग घातली, कारण लोकांना चेहऱ्यावर पांढरं दिसायला नको होतं. मर्व्हने ती थेट टाकीत ओतली. कागदांवर रॉयसने माझ्या सहीचा शिक्का मारला. तपासणीचा दाखला जुनाच जोडला, माझ्या बॅचचा. मी कामावर परतले तेव्हा मला यातलं काही कळलं नाही. पेस्ट आली होती, टाकी स्वच्छ होती, आणि उन्हाळ्याचा माल केव्हाच दुकानांत गेला होता.

फेब्रुवारीत शाळेच्या पोहण्याच्या शर्यती झाल्या. दिवसभराचा कार्यक्रम, मुलं तलावाच्या काठावर उघड्यावर बसलेली. रॉयसने शाळेला दोन खोकी सनस्क्रीन फुकट दिलं होतं. त्या संध्याकाळी अडतीस मुलांची अंगं भाजलेली निघाली. नऊ जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. त्यांत टिली होती.

टिली माझ्या शेजारच्या नोलीनची मुलगी, नऊ वर्षांची. मला आंटी ग्लेन म्हणते. तिचे दोन्ही खांदे आणि मानेचा मागचा भाग फोडांनी भरून गेला होता. नोलीन आणि मी अकरा वर्षं कुंपणावरून गप्पा मारत आलो होतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षक क्लबची ती कप्तान, आवाज असा की अर्धा किनारा वळून बघेल. आठ दिवसांनी ती कुंपणापाशी आली आणि अगदी हळू आवाजात बोलली.

"माझी पोर पालथी झोपते, ग्लेन. आठ दिवस झाले, पालथी झोपते. काय घातलं होतंस त्यात?"

"नोलीन, मला खरंच…"

"मी माझ्या हाताने चोळलं तिला. तू बनवलंयस म्हणून डोळे मिटून चोळलं. एकदा नाही, तीनदा!"

त्याच दुपारी रेडिओवर रॉयस बोलला. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. "ग्लेनिस म्हणजे आमच्या घरचंच माणूस," तो म्हणाला. "पण वय कुणाला चुकलंय? गुडघ्याच्या गोळ्या चालू होत्या, लक्ष उडालं असेल बिचारीचं. आम्ही तिला प्रेमाने निरोप दिलाय. ती एक बॅच परत मागवली आहे, बाकीचा माल शंभर टक्के चांगला आहे."

मला काढून टाकलंय हे मला असं कळलं. हातात बटाटा होता.

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. दुकानात रांगेत उभी राहिले की मागून कुणीतरी विचारायचं, "काय ग्लेन, आज काय तळलंस?" फाटकावर मासळीच्या दुकानाचा कागद चिकटवलेला सापडला. वर लिहिलं होतं, 'कुरकुरीत पोरं, ताजी'. ज्यांच्या आजोबांना मी तीळ दाखवायला डॉक्टरांकडे पिटाळलं होतं, ती माणसं मला बघून रस्ता ओलांडायला लागली. मी कुणाला उत्तर दिलं नाही. कारण तोवर मलाही वाटत होतं, न जाणो, खरंच माझंच काही चुकलं असेल.

मग मी एक ट्यूब विकत घेतली. काचेवर बोटभर ओढली आणि जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गुठळ्या. नुसत्या गुठळ्या, आणि मध्ये मोकळी मैदानं. मी काच उचलली आणि थेट मर्व्हच्या घरी गेले.

मर्व्ह दार उघडताच मागे सरकला. साठीचा माणूस, पण त्याचा चेहरा मार खाल्लेल्या पोरासारखा झाला.

"त्याने सांगितलं, मी ओतली," तो म्हणाला. "मी विचारलं होतं, ग्लेनला फोन करू का. तर म्हणाला, तिला आराम करू दे."

"आणि सहीचा शिक्का?"

"तो… तो त्यानेच मारला. माझ्यासमोर."

"हे लिहून देशील?"

"दोन वर्षं राहिलीत गं माझ्या नोकरीची. त्याने मला पण बाहेर काढलं तर मी कुठे जाऊ?"

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. चौकशी करणाऱ्यांना पत्र पाठवलं होतं, त्यांचं उत्तर आलं होतं की नमुने तपासायला सात-आठ महिने लागतील. सात-आठ महिने! तोवर रॉयस दर शनिवारी मैदानावर सॉसेज भाजत, लोकांच्या पाठी थोपटत, माझ्या म्हातारपणाबद्दल हळहळत फिरणार. खरं सांगायचं तर महिना झाला तरी माझ्या मनात न्याय वगैरे शब्द आलाच नव्हता. झोपेतून उठले की मला टिलीचे खांदे दिसायचे आणि दात घासताना मी विचार करायचे, हे त्याला कसं होईल. तसंच्या तसं. त्याच जागी, त्याच मालाने.

"मर्व्ह," मी म्हटलं, "जुनी पेस्ट काही उरलीय?"

"फॅक्टरीच्या शेडमागे अर्धा डबा आहे. फेकायचा होता."

"तो दे. तेवढं तरी कर."

संध्याकाळी त्याने डबा आणून माझ्या गाडीत ठेवला. वर एक जाड संगमरवरी पाटी आणि काचेचा बत्ता पण आणून दिला. त्याची बायको पूर्वी औषधाच्या दुकानात मलमं कालवायची. "माझं नाव नको घेऊस," म्हणाला. तीन दुपारी मी स्वयंपाकघरात बसून त्या पेस्टचं क्रीम बनवलं. दुखरा गुडघा स्टुलावर, हातात बत्ता. तयार झाल्यावर डाव्या हाताला माझं क्रीम आणि उजव्या हाताला रॉयसची ट्यूब लावून रोज भर बाराला अंगणात अर्धा तास बसले. दहा दिवस. उजवा हात असा सोलून निघाला की भांडं धरवेना. डाव्यावर काही नाही.

ते दोन हात घेऊन मी नोलीनच्या दारात गेले. तिने जाळीचं दार उघडलं नाही. मी बाहेरूनच दाखवले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," मी म्हटलं. "तू फक्त पंच हो. पुढच्या शनिवारी तुमच्या क्लबचा क्रिकेटचा दिवस आहे. रॉयस येणार, फुकट ट्यूब वाटणार. त्याची अर्धी पाठ त्याच्या मालाची, अर्धी माझ्या. त्याची ट्यूब तू दुकानातून स्वतः घेऊन ये, सील न फोडता. तूच लाव."

"आणि तुझी बाजू भाजली तर?"

"तर माझी बॅग मी भरते. गाव सोडते. तू फाटक उघडून दे."

नोलीनने माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "तो शर्ट काढणार नाही."

"काढेल. चारशे लोकांसमोर नाही म्हणायला त्याची जीभ उचलणार नाही."

मार्चचा शेवटचा शनिवार. आकाश धुतल्यासारखं निळं, वारा पडलेला. वाळूत खेळपट्टी आखलेली, तंबूखाली कांदा परतला जात होता, रॉयसच्या फॅक्टरीचे फलक चारी बाजूंनी लावलेले. त्याच्या हातात माइक होता. मुलांची तब्येत सुधारतेय म्हणून त्याने देवाचे आभार मानले, क्लबचे मानले, मग ट्यूब उंच धरली. मी नोलीनला घेऊन सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. गलका थांबला.

"रॉयस, हा माल एसपीएफ पन्नासचा आहे ना?"

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग हसला. "लेबलवर लिहिलंय, ग्लेन. दिसतंय अजून, की माझा चष्मा देऊ?"

लोक हसले.

"मग शर्ट काढ."

"एवढी वर्षं वाट बघितलीस होय गं?" आता तर लोक लोटपोट. मीही हसले. हसू द्यावं म्हटलं.

"अर्धी पाठ तुझी, अर्धी माझी," मी माइकजवळ जाऊन म्हटलं. "म्हातारीने बनवलेलं क्रीम आणि तुझं. साडेदहा वाजलेत. तीन वाजेपर्यंत खेळ उघड्या अंगाने. लेबलवर लिहिलंय तसं दर दोन तासांनी नोलीन पुन्हा लावेल. माझी बाजू लाल झाली तर इथंच सगळ्यांसमोर मान्य करते, मुलं माझ्यामुळे भाजली."

त्याचा चेहरा तसाच होता, पण डोळे गर्दीत मर्व्हला शोधायला गेले. मर्व्ह तंबूपाशी बिअरचा डबा धरून उभा होता. त्याने मान फिरवली. तेव्हा मला पक्कं कळलं की रॉयसला माहीत आहे. किती वाईट आहे ते माहीत नसेल. पन्नास नाही तर निदान वीस-पंचवीस तरी असेल, एवढी त्याची समजूत असावी. पण चांगलं नाही, हे माहीत होतं.

"काढ रे रॉयस!" कुणीतरी ओरडलं. "घाबरलास काय!"

"'मी स्वतः लावतो' ना?" दुसरा ओरडला.

त्याने शर्ट काढला. पांढरी, तिळांनी भरलेली पाठ. नोलीनने कण्यावरून मानेपासून कमरेपर्यंत कापडी पट्टी चिकटवली. दुकानातून आणलेल्या ट्यूबचं सील सगळ्यांना दाखवून फोडलं. मोजायच्या चमच्याने दोन्हीकडे सारखं घेतलं. उजवीकडे त्याचं, डावीकडे माझं. शर्ट तिने माझ्याकडे फेकला.

रॉयस चांगला खेळला, खोटं कशाला बोलू. पहिल्या तासात त्याने दोनदा चेंडू पाण्यात मारला. लोक टाळ्या वाजवत होते. मी तंबूच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर त्याचा शर्ट. मला कुणी सॉसेज विचारलं नाही.

साडेबारा वाजता नोलीनने त्याला बोलावलं. दुसऱ्यांदा लावण्याआधी तिने उजव्या खांद्यावर अंगठा दाबून उचलला. अंगठ्याचा ठसा पांढरा उमटला आणि सावकाश गुलाबी होत भरून आला. तिने डावीकडे तसंच केलं. ठसा उमटलाच नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या नजरेत माझ्याबद्दल राग नव्हता. तो दुसरीकडे वळला होता.

दीड वाजता ते लांब बसलेल्यांनाही दिसायला लागलं. टाळ्या बंद झाल्या. आयाबाया उठून तंबूच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. पट्टीच्या उजवीकडे पाठ मांसाच्या दुकानातल्यासारखी, डावीकडे पिठासारखी. रॉयसला स्वतःची पाठ दिसत नव्हती, पण लोकांचे चेहरे दिसत होते. नोलीन माझ्याजवळ आली.

"थांबवायचं?"

"तीन वाजता."

ती परत गेली.

दोन वाजून गेल्यावर तो तंबूपाशी आला. उजवा हात अंगापासून लांब धरलेला. त्या उन्हात त्याला हुडहुडी भरली होती. खाली वाकून माझ्या कानाशी बोलला.

"ग्लेन, पुरे. शर्ट दे."

"तीन वाजायचेत."

"तुला हवं ते लिहून देतो. सोमवारी ये ऑफिसात. तुझी जागा तुला परत."

"लिहायचं काय, रॉयस? तू रेडिओवर बोललास. मलाही कानाने ऐकायचंय."

"सगळ्यांसमोर नको गं."

"मुलं सगळ्यांसमोरच बसली होती."

त्याने शर्टाला हात घातला. मी सोडला नाही. दोघांनी धरलेला तो निळा शर्ट, आणि आजूबाजूला एवढी शांतता की कढईतला कांदा चरचरताना ऐकू येत होता. मला सांगायला लाज वाटत नाही, तो क्षण मला गोड लागला. एकोणीस वर्षं मी या माणसासाठी उन्हाच्या विरोधात काम केलं होतं. त्या दिवशी ऊन माझ्या बाजूने होतं आणि मला घाई नव्हती.

तो मागे वळला. माइक घेतला नाही, तसाच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी बदललं. ती नव्हती तेव्हा. पावडर मी मागवली. सही… तिचा शिक्का मी मारला. तिला माहीत नव्हतं."

"आणि फक्त एक बॅच?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"सगळ्या. उन्हाळ्यातल्या सगळ्या."

कुणीतरी वाळूत थुंकलं. एक बाप पुढे झाला, त्याला दोघांनी धरलं. तंबूच्या कोपऱ्यातून मर्व्ह बोलला, आवाज फाटलेला, "खरंय. मीच ओतली. मी लिहून देतो." माणूस दीड महिना तोंड मिटून बसला होता, आता सगळं संपल्यावर बोलत होता. तरी बोलला.

"दिला ना मी जबाब," रॉयस म्हणाला. "दे आता."

शर्ट तेव्हाच द्यायला हवा होता. नाही दिला. म्हटलं, "फीर. मुलांना दाखव."

"ग्लेन…"

"फीर."

तो फिरला. तंबूच्या मागे लांब बाह्यांचे सदरे घातलेली मुलं बसली होती, टिली त्यांत होती. तिने ती पाठ नीट निरखली, जत्रेत काहीतरी बघावं तशी. मग म्हणाली, "माझी याच्यापेक्षा वाईट होती." आणि हातातला पाव-सॉसेज खायला लागली.

मग मी शर्ट दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उजव्या खांद्यावर बशीएवढे फोड आले. दोन दिवस तो हॉस्पिटलात होता, मुलांवर उपचार करणाऱ्या त्याच नर्सच्या देखरेखीखाली. तिने नंतर मला बाजारात सांगितलं की तो पालथा झोपायचा. चौकशी सात महिन्यांऐवजी पाच आठवड्यांत उरकली. पन्नासच्या लेबलखाली चार निघाले. फॅक्टरीला कुलूप लागलं. ब्रिस्बेनच्या त्या बाई आल्या त्या तेव्हाच. मर्व्हचा जबाब त्यांनी घेतला, माझं नाव कागदांवरून पुसलं गेलं, आणि मग त्यांनी माझाही जबाब घेतला. आरोप दोन: मंजुरी नसलेलं क्रीम माणसाच्या अंगाला लावायला दिलं, आणि दुसरं घातक आहे हे माहीत असताना ते माणसाला लावू दिलं. दोन्ही खरं. पाच वर्षं कातडीला लागेल असं काहीही बनवायला मला बंदी आली. मी दाद मागितली नाही. आता होड्यांच्या रंगाच्या कारखान्यात आहे. तिथेही झिंक आहे, रोलरही आहेत. माझ्या रंगात गुठळी सापडत नाही.

गावाने माफी वगैरे मागितली नाही, पण फाटकावर टोपल्या यायला लागल्या. आंबे, अंडी, एकदा अख्खा कोरल ट्राउट मासा. नोलीन पूर्वीसारखी कुंपणाला रेलत नाही. एका रविवारी कपडे वाळत घालताना तिने मध्येच हात थांबवला.

"दीड वाजता मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "तू नाही म्हणालीस."

"हो."

"मी पण जोर केला नाही." तिने चिमटा लावला. "पंच होते मी. मला थांबवता आलं असतं."

"का नाही थांबवलंस?"

"का ते तुला माहितीये."



रॉयस टास्मानियाला बहिणीकडे राहायला गेला. गेल्या वर्षी जूनमध्ये त्याचा फोन आला. तीन वर्षांनी. मी आवाज लगेच ओळखला.

"ग्लेन, तुला सांगावंसं वाटलं," तो म्हणाला. "माझ्या पाठीवरचा एक तीळ कापला. वाईट निघाला. वेळेवर सापडला म्हणतात, पण अजून तपासण्या चालू आहेत."

एका दुपारीने असं होत नाही, मला माहीत आहे. तांबूस केसांचा माणूस, लहानपणापासून होडीत वाढलेला, चाळीस उन्हाळे अंगावर घेतलेला. डॉक्टरसुद्धा बोट ठेवून सांगू शकणार नाहीत की हे कोणत्या दिवसाचं. कुणीच सांगू शकणार नाही. बाबांच्या बाबतीतही कुणी सांगू शकलं नव्हतं.

"वाईट वाटलं ऐकून," असं काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून वेगळंच निघालं.

"कोणत्या बाजूला?"



"तू हेच विचारशील वाटलं होतं," रॉयस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. मी दोनदा फोन उचलून खाली ठेवलाय.